पाठीवरचं नाव

ओक-रान वहिनींनी शर्टाची चौकोनी घडी घातली, ती आपल्या खानावळीतल्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, व्हिनेगरच्या बाटल्यांमागे ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. शर्टाचा मालक प्यो मान-बोक समोरच बसला होता. आपल्याच शर्टाला अटक होत असताना माणसाने चेहरा कसा ठेवावा हे न सुचल्यामुळे तो वाडग्यातल्या गरम भात-कालवणात नुसता चमचा फिरवत राहिला.

"आता शपथ," दो मास्तर म्हणाले.

दो हे मास्तरांचं आडनाव; ते शाळेत नीतिशास्त्र शिकवत. निवृत्तीनंतर ऐकून घ्यायला कुणी उरलं नाही, म्हणून ते पाणकावळ्यांना शिकवू लागले. पाणकावळे म्हणजे आमच्या गुन्सान गावचा बेसबॉल संघ. हे नाव ज्याने ठेवलं तो द्रष्टाच असला पाहिजे. पाणकावळा बुडी मारतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो पुन्हा वर येतो, ही गोष्ट आमच्या संघाला बरीच वर्षं कुणी सांगितलेली नव्हती.

मान-बोकने उजवा हात वर केला. ह्वांगबो हानच्या कराराचा निकाल लागेपर्यंत आपण कोणत्याही शर्टावर, टोपीवर वा टॉवेलवर त्याचं नाव शिवून घेणार नाही, चिकटवणार नाही आणि पेनने लिहिणारही नाही, असं त्याने मास्तरांच्या मागोमाग म्हटलं. पेनचं कलम मास्तरांना त्याच दिवशी सकाळी आंघोळ करताना सुचलं होतं.

"पाटलोणीवर?" वहिनींनी विचारलं.

मास्तर क्षणभर विचारात पडले आणि पाटलोणही शपथेत आली.

प्यो मान-बोक बॉयलर दुरुस्त करणारा माणूस. वय सत्तावन्न, बुटका, बोलायला कमी. हिवाळ्यात घराघरांतली जमीन खालून गरम ठेवणाऱ्या नळ्या, पंप आणि भट्ट्या यांच्यापुढे उकिडवं बसण्यात त्याचा जन्म गेलेला. गावात त्याला वाईट म्हणणारा माणूस सापडला नसता. फक्त एक गोष्ट होती. तो ज्या खेळाडूचं नाव पाठीवर घाली, तो खेळाडू संघात राहत नसे.

सुरुवात चेंडू टाकणाऱ्या एका डावखुऱ्या पिचरपासून झाली. मान-बोकने त्याचं नाव शर्टावर शिवून घेतलं आणि तो सैन्यात गेला. मान-बोकने टाके उसवून तिथे पहिल्या बेसवरच्या खेळाडूचं नाव घातलं. त्याला राजधानी सोलच्या संघाने उचललं. तिसऱ्याचा खांदा निखळला. चौथ्याने एका नटीशी लग्न केलं आणि त्याला चेंडू दिसेनासा झाला. मग एक वर्ष मान-बोकने शहाणपणा म्हणून खेळाडूच नको असं ठरवलं आणि संघाच्या शुभंकराचं, कूकू नावाच्या जाड्या पाणकावळ्याचं नाव घातलं. त्या हिवाळ्यात संघमालकांनी कूकूला काढून त्याच्या जागी निळा गोल मासा आणला.

त्यानंतर कुणाला पुरावा मागायची गरज उरली नाही. गावातल्या लोकांनी तर या गुणाचा उपयोगही करून घेतला. मागल्या वर्षी परदेशातून एक सहा फुटी पिचर आणला होता. तो चेंडू जेवढ्या वेगाने टाकी, त्याहून अधिक वेगाने चेंडू त्याच्या डोक्यावरून परत जाई. वहिनींच्या खानावळीत वर्गणी निघाली, मान-बोकला सोजू पाजण्यात आली आणि त्याला शिलाईच्या दुकानात नेऊन त्या पिचरचं भलंमोठं नाव पाठीवर चढवण्यात आलं. आठवड्यात पिचरचं कोपर दुखावलं आणि तो विमानात बसला. मान-बोकला पुढचे काही दिवस कालवण फुकट मिळालं.

हिशोबी माणसाला कळलं असतं की डावखुऱ्याचं सक्तीच्या सैन्यभरतीत जायचं वयच झालं होतं, आणि सोलचे संघ आमचे बरे खेळाडू मान-बोकने पहिला शर्ट घेतला त्याच्याही आधीपासून उचलत होते. पण श्रद्धेच्या खात्यात फक्त जमा लिहितात. ज्यांची नावं कधी कुणी शिवली नाहीत आणि तरी जे गेले, ते डझनावारी खेळाडू कुणी मांडायला बसलं नाही.

त्याच्या बायकोचं, जोम-रेचं, मत निराळं होतं. ती बंदरावर जाळी शिवायची. ती म्हणे, "घरात तुमच्या सांगण्याने मांजरसुद्धा हलत नाही. बाहेर एवढी माणसं हलतात, हे चांगलंच आहे."

मग मान-बोक नाव घालायचंच का सोडत नव्हता? कारण पाठीवर नाव नसलेला शर्ट म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. तो नाव घाली, पण निवडताना एक काळजी घेई: जो सगळ्यांत आवडता, तो सोडून बाकी कुणीही. तो सगळ्यांत आवडता म्हणजे ह्वांगबो हान. कॅचर, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. गावातच जन्मलेला, गावच्या शाळेत शिकलेला, चौदा वर्षं पाणकावळ्यांसाठी प्लेटमागे उकिडवा बसलेला. मान-बोक म्हणे, उकिडवं बसून पोट भरणारे गावात आम्ही दोघंच. प्रत्येक चेंडूआधी ह्वांगबो मुखवटा वर करून मैदानावर एकदा नजर फिरवी, घरातली सगळी माणसं जेवली का हे पाहणाऱ्या आईसारखी. मान-बोक स्टेडियममध्ये जाई तो त्या नजरेसाठी. हरणं तर घरबसल्याही बघता येत होतं.

आणि यंदा ह्वांगबो मोकळा झाला होता. ठरावीक वर्षं एका संघात काढली की खेळाडूवर कुणाचा हक्क राहत नाही. बोलावील त्याने बोलवावं, जाईल त्याने जावं. खेळ बंद आणि बाजार सुरू, अशा या थंडीच्या दिवसांना आमच्याकडे शेगडीचा हंगाम म्हणतात. मैदानात जे हरतात, ते शेगडीभोवती बसून जिंकतात.

हंगाम जोरात होता. रोज नवी बातमी येई आणि संध्याकाळपर्यंत खोटी पडे. ह्वांगबो सोल स्टेशनवर दिसला. तो त्याचा मावसभाऊ निघाला. दो मास्तरांनी संघाच्या कचेरीपुढे निषेधाचा ट्रक उभा करायचं ठरवलं. दिव्यांच्या सरकत्या अक्षरांची पाटी असलेले हे ट्रक भाड्याने मिळतात. मजकूर मास्तरांनी लिहिला. त्यात निष्ठा, कृतज्ञता आणि समाजाचा पाया या तिन्ही गोष्टी असल्यामुळे वाक्य एवढं लांबलं की ते पूर्ण होईपर्यंत ट्रक चौक ओलांडून जाई. कचेरीतल्या लोकांना दिवसभर फक्त शेवटचे शब्द वाचायला मिळाले: "असे वाटत नाही काय?" त्यांना ती एखाद्या गादीची जाहिरात वाटली असावी.

मान-बोकच्या कामाचे हेच दिवस. पण दार उघडण्याआधी बायका त्याला वळायला लावत. पाठ कोरी दिसली की आत घेत. बेकरीवाल्या बाईने तर शपथेचे शब्द पुन्हा म्हणवून घेतले, मग बॉयलर दाखवला. तो कुणावर रागावला नाही. उलट आयुष्यात पहिल्यांदाच आपण काहीतरी न करण्याने सगळ्यांच्या उपयोगी पडतो आहोत, याचं त्याला थोडं बरंच वाटत होतं.

नोव्हेंबर संपता संपता ह्वांगबोच्या आईचा निरोप आला. जमीन गार पडली होती.

ती जुन्या घरात एकटी राहायची. मुलाने घेऊन दिलेला नवा फ्लॅट तिने भाड्याने दिला होता, कारण तिथे किमचीचे रांजण पुरायला माती नव्हती. मान-बोक पोचला तेव्हा अंगणात मिठात मुरवलेल्या कोबीचा डोंगर निथळत होता आणि ती लाल मसाल्याने कोपरापर्यंत माखलेली होती. बिघाड नेहमीचाच. पंप अडकला होता. मान-बोक त्याच्यापुढे उकिडवा बसला, गुडघे कटकन वाजले आणि त्याने झाकण उघडलं.

"वाजले," ती अंगणातून म्हणाली.

"वय झालं, काकू."

"हानचेही वाजतात. खोलीतून ऐकू येतात." ती कोबीचं एकेक पान उचलून मसाला भरत राहिली. "तुझ्या शर्टावर माझ्या पोराचं नाव कधी आलं नाही."

"देव करो नि कधी न येवो."

"तोही हेच म्हणतो."

मान-बोकचा पाना थांबला. मग काकूंनी, हात न थांबवता, जे सांगितलं ते असं: सोलच्या संघाने चार वर्षं बोलावलं होतं आणि रोज खेळवण्याचं कबूल केलं होतं. इथला संघ एक वर्ष देत होता, तेही बाकाच्या टोकाला बसायला, कारण नवा कॅचर तयार होता. हे गावात कुणाला माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, गुडघ्यांत फार तर तीन-चार वर्षांचं उकिडवं बसणं उरलंय. ते कुठे खर्च करायचं तेवढं ठरवायचं. आणि पोरगा ठरवत नव्हता. जेवत नव्हता, फोन उचलत नव्हता, येऊन नुसता जमिनीवर पडून राहत होता, आणि आता तर जमीनही गार.

"मी म्हटलं, जा की. तर म्हणतो, बाकी सगळे 'राहा' म्हणतात ते तोंडाने. तो बॉयलरवाला काका चौदा वर्षं दुसऱ्यांची नावं घालून सांगतोय. त्याला टाकून कसा जाऊ?"

"मी त्याला कधी काही बोललोसुद्धा नाही, काकू."

"तेच तर ना." तिने भरलेला कोबी रांजणात बसवला आणि मुठीने दाबला. "तर आता बोल. घाल त्याचं नाव."

मान-बोकने पुन्हा पाना फिरवला.

"मला त्या करणीबिरणीचं काही सांगू नकोस. तुझ्या अंगात तेवढी ताकद असती तर माझा पंप दर वर्षी अडकला नसता. पण त्याला दिसू दे. तू सोडलंस एवढं त्याला दिसलं की बास."

पंप सुरू झाला. नळ्यांतून पाणी गेल्याचा आवाज जमिनीखालून फिरत आतल्या खोलीपर्यंत गेला. मान-बोकने हत्यारं पुसली, गरजेपेक्षा जास्त वेळ पुसली. निघताना काकूंनी ताज्या किमचीचा डबा त्याच्या हातात दिला. आमच्याकडे डबा घेतला म्हणजे नाही म्हणायची सोय राहत नाही. त्याने डबा घेतला.

दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही. पण तो एरवीही बोलत नसल्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. एकट्या जोम-रेच्या आलं. बाजारात बोलणी चाललीच होती आणि गावात उलट बातमी होती की ह्वांगबो राहतोय, अगदी नक्की. म्हणजे मान-बोकने फक्त हात बांधून बसायचं होतं. त्याला हवं ते आपोआप होणार होतं. पुढच्या वसंतात ह्वांगबो इथेच असता. बाकाच्या टोकाला, गुडघ्यांवर टॉवेल टाकून, पण इथेच. त्यावर खूश होणारा एक मान-बोक होता आणि रोज सकाळी स्वतःचे गुडघे चोळणारा दुसरा होता. दुसऱ्याला झोप येत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी, खानावळ रिकामी असताना, तो वहिनींकडे गेला आणि म्हणाला की पंप बघायचा होता.

पंप त्याने गेल्याच आठवड्यात बघितला होता. ओक-रान वहिनी त्याच्याकडे पाहत राहिल्या. शर्ट जप्त करायची कल्पना त्यांची. भिंतीवर ह्वांगबोचा फोटो लावून त्याची काच रोज पुसणाऱ्याही त्याच. खिशातून किल्ली काढली, किमचीच्या बशीशेजारी ठेवली आणि खरकटं पाणी फेकायला मागच्या दाराने बाहेर गेल्या. बादली रिकामीच होती.

स्टेडियमजवळच्या शिलाईच्या दुकानात जाण्यात अर्थ नव्हता. तिथे काउंटरमागे मान-बोकचा फोटो लावला होता आणि खाली मास्तरांच्या अक्षरात लिहिलं होतं की या गृहस्थांचं काम घेऊ नये. त्याने शर्ट घरी आणला आणि जोम-रेपुढे ठेवला. शर्टाच्या पाठीवर आधीच्या सगळ्या नावांच्या टाक्यांची भोकं होती. उजेडाकडे धरला तर चाळणीसारखा दिसे.

"कोणाचं?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं. तिने चष्मा काढला, त्याला नीट बघितलं आणि पुन्हा घातला.

"मग तुम्ही मॅच बघायला जाल ते कशाला?"

त्याने शर्ट तिच्याकडे सरकवला. तिने जाळ्यांचा निळा दोरा घेतला, जाड सुई घेतली आणि शिवायला बसली. जाळं शिवणाऱ्या हाताची अक्षरं. मोठी, वाकडी, आणि वादळातही सुटणार नाहीत अशी. "ह्वांग" जरा वर गेला, "बो" खाली आला आणि "हान"ला जागा कमी पडली म्हणून तो बगलेकडे सरकला. मग मान-बोक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि जोम-रेने फोटो काढला. फोटोत पाठ आली, नाव आलं, आणि बाजूला वाळत घातलेली बाकदे नावाची चपटी मासळीही आली. तो फोटो ह्वांगबोच्या आईला गेला आणि तिच्याकडून पुढे.

ह्वांगबोकडून उत्तर आलं नाही. पण आठवड्याच्या शेवटी सोलच्या संघाने चित्र प्रसिद्ध केलं: ह्वांगबो हान, पांढऱ्याशुभ्र नव्या शर्टात, कुणा साहेबाशी हात मिळवताना, आणि हसू पासपोर्टच्या फोटोतलं.

गावात त्या संध्याकाळी जो सुतकी घोळका जमला तो वहिनींच्या खानावळीतच. मग हळूहळू तोंडं सुटली. चौदा वर्षं गावचं अन्न खाल्लं. आईला इथे टाकून गेला. शेवटी सगळे सारखेच. कुणीतरी भिंतीवरच्या फोटोकडे बघून शिवी दिली आणि दुसऱ्याने तो काढायला हात घातला. मास्तर उठून उभे राहिले, 'विश्वासघात' या शब्दाने वाक्य सुरू केलं, आणि ते फार लांबणार हे ऐकणाऱ्यांना कळलं.

तेवढ्यात दार सरकवून मान-बोक आत आला. जाड जाकिटावरून त्याने शर्ट चढवला होता. आत येऊन तो दार लावायला वळला, आणि दार लावायला लागतो त्याहून जास्त वेळ तसाच उभा राहिला. सगळ्यांनी पाठ वाचली.

"शपथ घेतली होतीस," मास्तर म्हणाले.

"घेतली होती."

"मग?"

"मोडली."

"का?"

मान-बोकने तोंड उघडलं. एक वर्ष, बाकाचं टोक, डॉक्टर, गुडघे, सगळं जिभेवर आलं असेल. पण ते सांगितलं तर ह्वांगबो स्वतःहून गेला, हे सिद्ध झालं असतं. "राहवलं नाही," तो म्हणाला.

आणि मग गाव जे सुटलं! पांढऱ्या पायाचा, पनवती, घरभेदी, बॉयलरबरोबर याचंही झाकण उघडून बघायला हवं. मास्तर म्हणाले की नीतिशास्त्रात अशा माणसासाठी शब्द नाही आणि तरी त्यांनी सात-आठ वापरले. मान-बोक कालवण खात राहिला. फोटो काढायला गेलेला हात कधी खाली आला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. बिचारा ह्वांगबो, कुणीतरी म्हणालं. त्याचा काय दोष, अशा माणसाने नाव घातल्यावर देव तरी राहिला असता का? ओक-रान वहिनींनी मान-बोकच्या वाडग्यात न मागता आणखी एक अंडं फोडलं आणि तोंडाने मात्र, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, या मेल्याला उद्यापासून उधार बंद म्हणून जाहीर केलं.

गावाने त्याच्यावर बहिष्कार टाकला. तो तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी समुद्रावरून बर्फाचं वारं आलं, गावातले निम्मे पंप गोठले आणि सगळ्यांना क्षमा ही केवढी मोठी गोष्ट आहे हे उमगलं. मास्तरांचा फोन पहिला.

ह्वांगबोच्या बदल्यात नियमाप्रमाणे सोलच्या संघाकडून एक खेळाडू आमच्याकडे आला. पोट सुटलेला, हसरा, कुणाला ठाऊक नसलेला पिचर. पहिल्या दिवशी लोक त्याला भरपाई म्हणत. मार्चमध्ये त्याने सरावात लागोपाठ सहा फलंदाजांना बाद करून परत पाठवलं, तेव्हा बेकरीवाली बाई मान-बोकला रस्त्यात थांबवून म्हणाली, "भाऊजी, एवढा एक सोडा." त्याने सांगितलं की आता पाठीवर जागाच नाही.

एप्रिलच्या शेवटी सोलचा संघ गुन्सानला आला. स्टेडियम भरलं होतं. लोकांनी ह्वांगबोच्या नावाचे टाके हिवाळ्यातच उसवले होते. पाठोपाठ पाठ बघत गेलं तर सगळीकडे भरपाईवाल्याचं नाव. वाकडी निळी अक्षरं एकाच पाठीवर होती. मान-बोक पहिल्या बेसच्या बाजूला, नेहमीच्या जागी बसला. एका बाजूला जोम-रे, मागच्या रांगेत वहिनी आणि मास्तर.

दुसऱ्या डावात ह्वांगबो बॅट घेऊन आला. आमच्याकडची रीत अशी, की गेलेला खेळाडू पहिल्यांदा जुन्या मैदानात उतरला की आधी हेल्मेट काढतो आणि जुन्या लोकांपुढे वाकतो. लोकांनी त्यावर काय करायचं हे मात्र ज्याच्या त्याच्या मनावर असतं. ह्वांगबो प्लेटपाशी थांबला. त्याने हेल्मेट काढलं आणि पहिल्या बेसकडे तोंड केलं.

टाळ्या सुरू झाल्या. एकाचीही शिट्टी नाही, शिवी नाही. बिचारा, लोक म्हणत होते. त्याचा काय दोष.

मान-बोक उठला आणि मैदानाकडे पाठ करून उभा राहिला.

"अहो, इकडे बघा की," जोम-रेने त्याची बाही ओढली. "याचसाठी आलात ना?"

तो हलला नाही. समोर त्याला दिसत होती ती फक्त माणसं. त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघणारी, टाळ्या वाजवणारी. दो मास्तर हाताची घडी घालून बसले होते. मग त्यांनी घडी सोडली.

"वाकला का?" मान-बोकने विचारलं.

"वाकला," वहिनी म्हणाल्या.

तो थांबला. टाळ्या कमी झाल्या, मग पुन्हा वाढल्या. आता वळावं असं त्याला वाटलं.

"झालं?"

वहिनींनी हातातला रुमाल डोळ्यांपाशी नेला आणि पलीकडे बघतच राहिल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "अजून वाकलेलाच आहे."

मान-बोकने शर्ट खालून ओढून ताठ केला, म्हणजे बगलेकडचं अक्षर नीट दिसावं, आणि तसाच उभा राहिला.